तुमच्यात तसं नको

आजचा शास्त्रपाठ : मार्क १०:४२-४५

सत्ताधारी हुकूम चालवतात. माझ्या शिष्यांमध्ये ती रीत नको, असं प्रभू येशू इथे बजावतो. ख्रिस्ती अराजकवादाचं मूळ अशाच वचनांत आहे. अराजक म्हणजे दंगाधोपा नव्हे. राजा एकच, ख्रिस्त. म्हणून माणसाने माणसावर सत्ता गाजवायची नाही, इतकंच.

डोरोथी डे यांनी हे जगून दाखवलं. १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये पीटर मॉरिन यांच्यासोबत त्यांनी ‘कॅथलिक वर्कर’ हे एक सेंट किमतीचं वर्तमानपत्र काढलं. पाठोपाठ भुकेल्यांना जेवण आणि बेघरांना आसरा देणारी घरं उभी राहिली. सरकार करेल म्हणून त्या थांबल्या नाहीत. १९५५ पासून अणुहल्ल्याच्या सक्तीच्या सरावात लपायला त्यांनी नकार दिला. तुरुंगात गेल्या, पण हात उगारला नाही.

मी टीम लीड आहे. रिलीजसाठी शनिवारी कोणाला बोलवायचं, हे माझ्या हातात असतं. सगळ्यात ज्युनिअरवर ढकलणं सोपं. म्हणून पहिली पाळी मी माझ्या नावावर लावतो. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं रेटिंग कापायला वरून सांगितलं, तर मी ते करत नाही. मग माझं कापलं गेलं तरी चालेल.

मित्रांनो, आज तुमच्या हातात कोणावरची सत्ता आहे?

प्रार्थना : प्रभू, मला सेवक कर. आमेन.