मांडणी एकटीची, दोरे सगळ्यांचे

नांदेड,
कार्तिक वद्य पंचमी

चि. छकुलीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या प्रदर्शनासाठी तुझ्या गोधड्या निवडल्या गेल्या हे वाचून ऊर भरून आला. आपल्या घरात गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या गेल्या, पण त्या भिंतीवर टांगून लोकांनी उभं राहून बघाव्यात, हा मान तू पहिल्यांदा मिळवलास. दादाने तर फोनवर दोनदा तेच तेच सांगितलं.

मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, की आता प्रदर्शनापर्यंत मैत्रिणी बंद, फिरणं बंद, यंदा माळेगावच्या यात्रेलाही येणार नाही. कारण कलावंताला एकटंच राहावं लागतं. तुझ्या जिद्दीचं मला कौतुकच आहे. पण हे शेवटचं वाक्य मला पटलं नाही. का पटलं नाही ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

गोधडीच्या कामाचे दोन भाग, आणि दोन्हींची गरज वेगवेगळी. पहिला भाग मांडणीचा. कुठला तुकडा कुठे बसवायचा, इरकलीचा काठ मध्ये घ्यायचा की कडेला, लालाच्या शेजारी काळा ठेवायचा की आमसुली, हे ठरवायला एकांतच लागतो. तिथे तुझं म्हणणं सोळा आणे खरं. सकाळची, जेव्हा उजेड स्वच्छ असतो ती वेळ स्वतःसाठी राखून ठेव. तुकडे जमिनीवर पसर, स्टुलावर चढून वरून बघ, एक रात्र तसंच राहू दे. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून बघ. रंग निघून गेले की गडद आणि फिकं कुठे साचलंय ते चटकन कळतं. मांडणी पक्की होईपर्यंत कुणाला दाखवू नकोस आणि कुणाला विचारूही नकोस. वहिनीला स्पष्ट सांग, की या वेळात हाक मारायची नाही. ती समजूतदार आहे, कधीच अडवणार नाही.

दुसरा भाग दोऱ्यांचा, आणि तो माणसांत बसून करायचा. आपल्याकडे सुगी आटोपली की बायका उन्हात सतरंजी टाकून बसायच्या, चार बाजूंना चौघी. गोधडीचा धावदोरा कडेपासून सुरू होऊन आत आत येत जातो. त्यामुळे चौघींनी एका गतीनं यावं लागतं. एकीनं घाई केली की मध्ये फुगा धरतो, दुसरीनं दोरा जास्त ओढला की चुण्या पडतात. तुझ्या पणजीची वाकळ अजून तुमच्या घरी पेटीत आहे, ती एकदा उलटी करून बघ. एका बाजूचे टाके बारीक आणि अगदी जवळजवळ, समोरच्या बाजूचे लांबट आणि जरा तिरके. ते तिरके टाके आमच्या डावखुऱ्या काकूचे. त्या वाकळीवर कुणाचंही नाव नाही, पण माहीतगाराला तीत चौघीजणी दिसतात.

हे आपल्या मराठवाड्यापुरतं आहे असंही नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं काळ्या शेतमजुरांचं खेडं आहे. तिथल्या बाया जुन्या शर्टांच्या, शेतात घालून विटलेल्या पँटींच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. त्या बायांची रीतही हीच: वरची मांडणी जिची तिने करायची आणि थर एकत्र शिवायला शेजारणींना बोलवायचं. म्हणून तुला माझं सांगणं एवढंच, की मांडणी एकटीनं कर आणि दोरे माणसांत भर.

आता मैत्रीविषयी. कापडातलं जे मला कळतं ते बहुतेक लोकांनी दिलेलं आहे. आमच्या शेजारी एक काका राहायचे, उस्मानशाही मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडली, पण त्यांच्या बोटांतली पारख गेली नाही. कापड सुती आहे की भेसळीचं हे ओळखायला एक धागा काढून जाळून बघायचं, हे त्यांनी मला शिकवलं. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ही दोन कापडं एका गोधडीत शेजारीशेजारी घेऊ नकोस. पहिल्याच धुण्यात सुती आटतं, दुसरं जागचं हलत नाही, आणि सगळी मांडणी ओढली जाते. गडद लाल तुकडा घेण्याआधी तो ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघायचा, हेही त्यांचंच. संध्याकाळच्या चहाला आम्ही त्यांच्या ओसरीवर बसायचो म्हणून हे मिळालं.

माझी एक लातूरची मैत्रीण तुला आठवत असेल, तिचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात त्यांचं घर गेलं आणि आईही गेली. ढिगाऱ्यातून आईचं एक इरकली लुगडं निघालं. कितीतरी वर्षांनी तिने ते माझ्याकडे आणलं आणि नातवासाठी दुपटं शिवून मागितलं. पण कात्री लावायची नाही म्हणाली. मी ते अख्खं लुगडं घडी घालून खालच्या बाजूला अस्तर म्हणून घेतलं. काठ कडेला येऊ दिला आणि विरलेला भाग घडीत आत घेतला, म्हणजे ताण मजबूत कापडावर राहतो. वरचे तुकडे तिच्या मुलींच्या फ्रॉकांचे. नातू मोठा झाला की टाके उसवून लुगडं पुन्हा जसंच्या तसं काढता येईल. हे दुपटं कुठल्याही प्रदर्शनात जाणार नाही, पण कात्री न लावता रचना कशी करायची हा धडा मला त्यात मिळाला आणि तो पुढच्या कितीतरी कामांत उपयोगी पडला. माणूस आपलं लुगडं विश्वासानेच हातात देतो. दार बंद करून बसलीस तर कटपीस मिळतील, अशी लुगडी मिळणार नाहीत.

तू एका गोधडीत बंजारा भरतकामाचे जुने तुकडे वापरणार आहेस असं लिहिलंस. ते भंगारवाल्याकडून किंवा ऑनलाइन घेऊ नकोस. किनवटकडच्या तांड्यावर माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे तुला घेऊन जाईन. तिच्याजवळ तिच्या याडीची, म्हणजे आईची, काचळी (चोळी) आहे, फेटियाचा (घागऱ्याचा) कमरपट्टा आहे. ती आरसा कसा बसवते ते जवळून बघ. आरशाला भोक नसतं, त्यामुळे आधी त्याच्यावर दोन आडवे आणि दोन उभे दोरे ओढून चौकट करते आणि मग कडेनं टाके घालत ती चौकट चहूकडून बाहेर खेचते, तेव्हा आरसा गोल कोंदणात बसतो. नुसतं बघून ते येत नाही. तिच्या शेजारी बसून, तिच्याकडून दोनचारदा उसवून घेऊन येतं.

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरलेल्या लोकांची ही कला आहे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी साडेचारशेहून जास्त लंबाणी बायांनी केलेले १,७५५ नमुने एकत्र मांडले गेले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आपल्या नांदेड-लातूरच्या तांड्यांवरचे हात त्यांच्यापेक्षा कमी नाहीत, त्यांना विचारणारं माणूस हवं. म्हणून तिचं काम घेतलंस तर पैसे आधी दे, आणि प्रदर्शनात तुझ्या नावाच्या पाटीवर तिला विचारून तिचंही नाव लिही, तुझ्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. या बाबतीत मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

एक गोष्ट आपल्या दोघींच्या जिल्ह्यांची. उदगीरला खादीचं कापड विणलं जातं आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे राष्ट्रध्वज तयार होतात. लांबी-रुंदीचं प्रमाण ३ : २, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे, चक्राचे आरे २४, आणि चक्र दोन्ही बाजूंनी एकमेकांवर तंतोतंत बसलं पाहिजे. सूत कातणारी, विणणारा, रंगवणारा, कापणारा, शिवणारी, किती हातांतून जाऊन तो झेंडा वर चढतो! प्रदर्शनाआधी एकदा तिथे जा. वेगवेगळ्या हातांचं काम असूनही शिस्त कशी सांभाळतात ते तुला बघायला मिळेल.

आता फिरण्याविषयी. घरच्यांबरोबर कुठे गेलं की दिवस वाया गेला असं तुला वाटतं. मी मात्र माझे रंग बहुतेक या सहलींतूनच आणले. माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तिथे जनावरांच्या बाजारात फक्त घोडे, उंट आणि गाढवं बघू नकोस. त्यांच्या अंगावर काय आहे ते बघ. बैलांच्या झुली, रंगीत गोंडे, कवड्यांच्या माळा, विणलेल्या म्होरक्या, घोड्यांची खोगिरं: एवढं कापडकाम एका जागी तुला कुठल्याही संग्रहालयात सापडणार नाही. आणि ते हात लावून बघता येतं, मालकाला विचारता येतं. दादाला जनावरांतलं कळतं, त्याची बाजारात सगळ्यांशी गाठ पडते. तू एकटी गेलीस तर मालक दोन शब्दांत वाटेला लावतील, दादाबरोबर गेलीस तर झूल काढून हातात देतील.

देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत. तिथल्या सुरसुंदरींच्या मूर्तींवर वस्त्राच्या कडा, कमरेचे पट्टे आणि चुण्या दगडात कोरल्या आहेत. मी तिथे गेले की मुलं गाभाऱ्याभोवती पळतात आणि मी वहीत चौकटी काढते. पावसाळ्यात सहस्रकुंडला गेलो, तर पैनगंगेचं मातकट पाणी काळ्या खडकावरून फुटून उतरताना दिसलं. त्या मातकट आणि काळ्या रंगांवरून मी एक अख्खी चादर केली. तुझ्या लातुरातही काय कमी आहे? १९१७ सालची गंजगोलाई, सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे. वहिनीबरोबर जा. दुकानदार तिला नावानं ओळखतात आणि गाठोड्याच्या तळाचे कटपीस काढून देतात. शिवाय रंगांची नावं तिच्याकडून शिकून घे: चिंतामणी, अंजिरी, राघू, गुलबक्षी, कुसुंबी. वहीत निळा, हिरवा एवढंच लिहिशील तर महिन्यानं कुठला निळा ते आठवणार नाही.

फिरायला जाताना एवढं पाळ. मोबाइलवर शंभर फोटो काढण्यापेक्षा वहीत एक रेखाटन कर. दिवसभर कामाचं बोलू नकोस. मुलांशी खेळ, भाकरी-ठेचा खा, दादाच्या जुन्या गोष्टी ऐक. रात्री घरी आल्यावर झोपायच्या आधी दिवसभरात दिसलेल्या तीन रंगांची नावं लिहून ठेव. बाकीचं आपोआप हाताशी येतं.

मैत्रिणींबाबतही निवड करावी लागेल, हे खरं. सगळ्यांचं सगळं ऐकत बसलीस तर काम होणार नाही. जी तुझ्या गोधडीचं नुसतं कौतुक करते तिच्याशी गप्पा मार, पण जी म्हणेल की हा कोपरा जड झाला, तिला धरून ठेव. आणि तिच्या कामाच्या वेळी तूही जा. आपल्या चादरीचे दोरे भरायला चौघींना बोलवायचं आणि त्यांच्या वेळी प्रदर्शनाचं कारण सांगायचं, हे आपल्या घरात कुणी केलं नाही. तू करू नकोस.

म्हणून माझं ऐक. सकाळ तुझी, तिच्यात कुणाला वाटा देऊ नकोस. दुपारनंतर मांडलेले थर टाचून घे आणि दार उघडं ठेव. दोन मैत्रिणी, वहिनी, शेजारची म्हातारी, ज्या येतील त्यांच्या हातात सुई दे. त्यांचे टाके तुझ्यासारखे पडले नाहीत तर उसवू नकोस, प्रदर्शनात ते तसेच दिसू देत. आणि यात्रेला ये. अहमदपूरवरून दादाची गाडी येणारच आहे, मी माळेगावला भेटते. तिथून दुसऱ्या दिवशी किनवटला तांड्यावर जाऊ. मी तसा निरोप आजच धाडला आहे. येताना अर्धी झालेली एक गोधडी आण. आपण तिघी मिळून तिचे दोरे भरू.

दादा-वहिनींना नमस्कार. उत्तर लगेच लिही.

तुझी,
आत्या