जकातीचा भार आणि नागपुरी संत्री

काटोल, नरखेड, वरुड व मोर्शी या भागांतील संत्र्यास बांगलादेश ही पुष्कळ वर्षे सर्वांत मोठी परदेशी पेठ म्हणून लाभली. त्यास कारणही होते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. त्यामुळे ते सोलण्यास सोपे, परंतु लांबच्या प्रवासास नाजूक असते. जहाजाच्या दीर्घ प्रवासापेक्षा पश्चिम बंगालमधील पेट्रापोल नाक्यावरून ट्रकने पलीकडे जाणे या फळास अधिक मानवते.

२०१९ नंतर ही पेठ अवघड होत गेली. तेथील आयात जकात २०१९ साली किलोमागे सुमारे २० रुपये होती. ती वाढत वाढत २०२३ साली ८८ रुपयांवर गेली. ही वाढ केवळ आपल्या संत्र्यास अडविण्यासाठी झाली असा समज होणे साहजिक आहे, तथापि तो बरोबर नाही. डॉलरची चणचण भासू लागल्यामुळे मे २०२२ मध्ये त्या देशाने फळे, फुले, प्रसाधने व फर्निचर अशा अनेक वस्तूंवर जादा कर बसविला. त्याच सुमारास त्यांचे चलनही घसरले. २०२२ च्या प्रारंभी एका डॉलरला सुमारे ८६ टका पडत; २०२४ च्या मध्यास ११७ च्या आसपास पडू लागले. अर्थात तेथील गिऱ्हाइकास परदेशी फळ दुहेरी महागले.

भूतानचा संत्राही याच पेठेत जातो. ६ डिसेंबर २०२० रोजी भूतान व बांगलादेश यांनी व्यापार-सवलतीचा करार केला. बांगलादेशाचा अशा प्रकारचा हा पहिलाच करार होय. अशा सवलती दोन सरकारे बसून ठरवितात. बागाईतदाराने भाव पाडून त्यांची बरोबरी करू पाहणे व्यर्थ आहे, हे पुढील हिशेबावरून दिसेल.

समजा, बागेत किलोला २५ रुपये भाव मिळाला आणि तोडणी, भराई व वाहतूक यांस २० रुपये लागले. ८८ रुपये जकात धरता माल १३३ रुपयांस पडला. बागाईतदाराने भाव ५ रुपयांनी उतरविला, तर त्याचे उत्पन्न पाचव्या हिश्शाने घटते. पण पलीकडे किंमत अवघी ४ टक्क्यांच्या आत उतरते.

आता नासाडीचा विचार करावा. जकात नाक्यावर वजनावर भरली जाते, विकल्या गेलेल्या फळावर नव्हे. १०० किलोंपैकी १० किलो पुढे नासले, तर १३,३०० रुपयांचा खर्च ९० किलोंवर पडतो. म्हणजे विक्रीयोग्य किलो सुमारे १४८ रुपयांस जातो. १५ रुपयांचा हा बोजा भाव पाडून मिळणाऱ्या सवलतीच्या तिप्पट आहे! जकात २० रुपये असताना तेवढ्याच नासाडीने किलोमागे सुमारे ७ रुपयेच वाढले असते. जकात जितकी जड, तितके नासके फळ महाग. बारीक फळाचेही तसेच. चुरीच्या किलोवर आणि उत्तम फळाच्या किलोवर जकात सारखीच पडत असल्याने चुरी त्या वाटेने पाठविणे परवडत नाही. ती स्थानिक बाजारात अथवा रसासाठी द्यावी.

यास्तव तोडणीकडे सर्वाधिक लक्ष पुरवावे. फळ ओढून तोडल्यास देठाजवळ साल फाटते आणि तेथूनच सड सुरू होते. म्हणून कात्रीने आखूड देठ ठेवून फळ कापावे. सकाळचे दव वाळल्यावाचून तोडणीस हात घालू नये. फळे जमिनीवर टाकू नयेत. डागी, मऊ पडलेली व फुटकी फळे बागेतच वेगळी काढावीत, कारण एक नासके फळ क्रेटमधील शेजारच्या फळांस बिघडविते.

२०२३ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने जकातीचा निम्मा भार, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, अनुदानरूपाने उचलण्याचे ठरविले. असे साहाय्य निर्यातदारामार्फत येते, बागेतील भावात ते आपोआप उतरत नाही. बहर झाडावरच ठेक्याने देणाऱ्या बागाईतदारास तर त्याचा पत्ताही लागत नाही. ग्रामसेवकांनी आंबिया बहराचा सौदा होण्यापूर्वी गावातील बागाईतदारांना एकत्र बसवून वरील हिशेब त्या हंगामाच्या जकातीचे व भाड्याचे आकडे घालून मांडून दाखवावा, आणि प्रतवारी केलेल्या मालाचा भाव वेगळा मागण्यास सांगावे.