ध्यान, देहाभिमान आणि समता

श्रीमद्भगवद्गीतेचा सहावा अध्याय हा ध्यानाचा अध्याय, हे माळकऱ्याच्या घरातले पोरही सांगेल. जागा कशी असावी, आसन कसे घालावे, मान व पाठ कशी धरावी, खाणे किती व झोप किती, हे सारे भगवंतांनी त्यात सांगितले आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तीत माउलींनी तर याच अध्यायात कुंडलिनीची सारी वाटचाल मराठीच्या अंगणात आणून ठेवली. पुष्कळ मंडळी तेवढ्यावर तृप्त होतात. पण अध्यायाचा कळस तेथे नाही, तो पुढे ३२ व्या श्लोकात आहे. आपल्या सुखदुःखाच्या मापाने जो दुसऱ्याचे सुखदुःख मोजतो, तोच योगी भगवंतांनी श्रेष्ठ म्हटला. आणि लागलीच ३३ व्या श्लोकात अर्जुन शंका काढतो, तेव्हा तो या योगाला कोणते विशेषण लावतो? साम्य! गुरूने शिकविलेल्या ध्यानाचे सार शिष्याच्या कानात 'समता' म्हणून उतरले. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा विषय सोपा जातो.

जुने लबाड वाणी दोन मापे ठेवीत. घ्यायचे एक, द्यायचे दुसरे. माल तोच, पण आपल्याकडे येताना मोठे माप आणि दुसऱ्याला देताना लहान. आपले मनही असाच वाणी आहे बरे का! माझा अपमान झाला की तो शेरभर, आणि माझ्या हातून दुसऱ्याचा झाला तर छटाकभर. ध्यानाने काय साधायचे? हे दुसरे माप फेकून द्यायचे. ते फेकले गेले की नाही, हे मात्र डोळे मिटून कळत नाही. उठून व्यवहारात आल्यावर कळते.

आमच्याकडे ज्ञानेश्वरीचा पाठ घेणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याने सहाव्या अध्यायावरच मोठी मार्मिक शंका घातली. तो म्हणाला, "महाराज, नाम घेत डोळे मिटून बसलो की मी देह नव्हे हे पटते. नाव, गाव, आडनाव सारे गळून जाते. पण उठून पंगतीला गेलो की शेजारचा पहिल्यांदा आडनाव विचारतो, आणि ते ऐकून जरा सरकून बसतो. शाळेच्या दाखल्यावर माझी जात लिहिलेली आहे. मग खरा मी कोणता? ध्यानातला, की दाखल्यावरचा?"

तेथे बसलेले एक वयस्क गृहस्थ चटकन म्हणाले, "अरे, आत्म्याला जात नसते. तू मनाला लावून घेऊ नकोस." वाक्य शास्त्राला धरूनच होते. तरी आम्ही त्यांना थांबविले. कारण औषध खरे असले, तरी ते चुकीच्या माणसाला दिले जात होते. 'आत्म्याला जात नसते' हे सांगायचे कोणाला? जो सरकून बसला त्याला! ज्याला टोचले त्याला 'तुला टोचलेच नाही' असे सांगणे, हे वेदान्ताचे नाव घेऊन दुसरे माप वापरणेच झाले. अद्वैत हे दुसऱ्याला गप्प करण्याचे साधन नव्हे. ते प्रथम आपल्याच अभिमानाला लावायचे असते.

याला आधार काय, असे कोणी विचारील, तर आधार उपनिषदाचा आहे. मुक्तिकोपनिषदात १०८ उपनिषदांची यादी आली आहे. तीत ३६ वे वज्रसूची, सामवेदाचे. अगदी लहान आहे. वज्रसूची म्हणजे वज्राची सुई, जी काहीही भेदून जाते. प्रश्न एकच घेतला आहे : ब्राह्मण म्हणजे कोण? जीव, देह, जन्म, ज्ञान, कर्म, की धर्माचरण? सहा पक्ष मांडले आणि सहाही एकेक करून खोडले.

जीव म्हणावा, तर मागे किती देह झाले आणि पुढे किती होतील. जीव मात्र तोच. मग या एका देहावरून त्याला नाव कसे द्यावे? देह म्हणावा, तर तो सर्वांचा पंचमहाभूतांचाच, म्हातारपण व मरण सर्वांना सारखेच. शिवाय देह हाच ब्राह्मण असता, तर बापाच्या देहाला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्येचे पाप लागते ना! जन्म म्हणावा, तर ऋष्यशृंग हरिणीचे, व्यास कोळ्याच्या मुलीचे, अगस्त्य घटातले, वाल्मीकी वारुळातले. आणि यांना तर आपण ऋषी म्हणून नमस्कार करतो. ज्ञान म्हणावे, तर क्षत्रियादिकांतही परमार्थ जाणणारे पुष्कळ झाले. कर्म म्हणावे, तर संचित व प्रारब्ध प्रत्येक प्राण्याच्या मागे आहे. धर्माचरण म्हणावे, तर सोन्याचे दान करणारे क्षत्रियही थोडे नाहीत.

मग उरले काय? ज्याने अद्वितीय आत्मा प्रत्यक्ष जाणला, ज्याचा काम, मत्सर, दंभ आणि अहंकार गेला, तो. आता यातली गंमत पाहा. अहंकार गेला ही अट घातल्यावर 'तो मी' म्हणून छाती पुढे काढणारा कोण उरतो? जो म्हणेल तो नापास, आणि जो पास तो म्हणणारच नाही. म्हणून आम्ही म्हणतो, की हे उपनिषद नुसत्या वादासाठी नाही, ते ध्यानाचेही आहे. आसनावर बसून साधक 'मी देह नव्हे, मी मन नव्हे' असे करीत आत जातो, तीच रीत येथे मानाच्या ओळखीला लावली आहे.

आता ही सुई आपल्या संप्रदायात कोणी हाती घेतली ते पाहू. वेरूळजवळच्या देवगावी १६२८ साली जन्मलेल्या संत बहिणाबाई. वज्रसूचीचा हा विचार त्यांनी मराठी अभंगांत आणला. त्यांच्या दोन्ही ओळखी ध्यानात घ्या. जन्म ब्राह्मणाच्या घरचा. त्या ओळखीने गावात मान होता. देह स्त्रीचा; त्या ओळखीने वेदाचे दार बंद होते, आणि ते दुःख त्यांनी आपल्या अभंगांत उघड मांडले आहे, लपविले नाही. कोल्हापुरास असताना तुकोबांचे अभंग कानी पडले, ध्यास लागला, आणि तुकोबांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे घरात खपण्यासारखे नव्हते. पतीने मारहाणही केली. तरी निष्ठा ढळली नाही. पुढे पतीचेही मन पालटले, आणि देहूस येऊन बहिणाबाईंनी तुकोबांचे कीर्तन समक्ष ऐकले.

आम्हांला यात मोलाचे वाटते ते हे, की ज्या ओळखीने मान दिला, तिच्यावरच बहिणाबाईंनी सुई रोखली. आणि ज्या ओळखीने दुःख दिले, ते दुःख खरे म्हणून सांगितले. त्या विद्यार्थ्याला उत्तर येथेच सापडते. मानाची ओळख ध्यानात विरघळवावी. दुःखाची ओळख दुसऱ्याची असेल, तर ती आधी ऐकून घ्यावी.

कोणी म्हणेल, मग दाखल्यावर तरी जात कशाला? अहो, वैद्य 'कोठे दुखते' म्हणून विचारतो, ते रोग्याला हिणविण्यासाठी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जेथे मार बसला तेथे लेप लावायचा, तर ती जागा विचारावीच लागते. पंगतीतला आडनाव विचारून सरकतो आणि वैद्य विचारून जवळ येतो. प्रश्न एकच, पण भाव उलटे.

ज्याला हे पुस्तकी वाटेल त्याने पंढरीला महाद्वारापाशी थोडे उभे राहावे. तेथे चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास १३३८ साली गावकुसाची भिंत पडून त्यांचा देह गेला, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून तेथे समाधी दिली, हे आपण सारे कीर्तनात ऐकतो. चोखोबांचे ध्यान कमी होते काय? विठ्ठल त्यांच्या रोमरोमी होता. तरी दार बंदच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण मांडले, तेव्हा कोठे ते उघडले. मध्ये सहाशे वर्षांहून अधिक काळ गेला. या सहाशे वर्षांत आपल्या संप्रदायात ध्यान करणारे, ज्ञानेश्वरी सांगणारे, नाम घेणारे काय थोडे झाले? मग खोळंबा कशाने झाला? ध्यान आसनावरच राहिले, उंबऱ्यापर्यंत आले नाही, म्हणून. दाराबाहेरच्या भक्ताचे ध्यान पक्के होते. परीक्षा दाराच्या आत असलेल्यांची होती. चोखोबांच्या समाधीला हात लावून आत जाताना वारकऱ्याने एवढे मनात आणावे.

आता साधन काय करावे, ते थोडक्यात सांगतो. सकाळी नित्यनेमाला बसाल तेव्हा हरिपाठाआधी क्षणभर विटेवरचे सावळे रूप डोळ्यांपुढे आणा. मग स्वतःला विचारा, 'आज मला मान कशामुळे मिळतो?' जात, पैसा, विद्या, पुरुषपण, वय, की गळ्यातला हारही? कीर्तनकारांनी हा शेवटचा प्रश्न विसरू नये. जे उत्तर येईल ते देवाच्या पायी ठेवून नामाला लागा. रात्री निजताना दुसरा प्रश्न विचारा, 'आज कोणाजवळून मी सरकलो?' घरातली सून, शेतावरचा गडी, गल्ली झाडणारा माणूस, यांतले कोणी आठवले तर दुसऱ्या दिवशी ते माप नीट करा. मन चंचल आहे, एका दिवसात होणार नाही. अर्जुनालाही तीच अडचण पडली होती, आणि भगवंतांनी त्याला अभ्यास व वैराग्य हाच उपाय ३५ व्या श्लोकात सांगितला.

आपल्या वारीने हा अभ्यास सोपा करून ठेवला आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, तेथपासून आषाढी एकादशीपर्यंत वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो. तेथे वय पाहत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. वाकणारा आणि ज्याच्यापुढे वाकला तो, दोघेही वाकलेलेच! हे वाकणे गावी परतल्यावर आपल्या पंगतीत, विहिरीवर आणि सोयरिकीच्या बोलण्यात जितके टिकेल, तितकेच आपले ध्यान लागले असे समजावे. रामकृष्णहरि.