डोमेनचं वय विचारा

आमच्या कारखान्याच्या अकाउंट्सला एका जुन्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला: बँक खातं बदललंय, या वेळचं बिल नव्या खात्यात भरा. मागच्या ऑर्डरचा उल्लेख अचूक होता, खालची सहीही नेहमीचीच. पैसे गेले. खऱ्या पुरवठादाराने तगादा लावल्यावर तो मेल माझ्याकडे आला, कारण सर्व्हर मी सांभाळतो. पत्त्यातल्या इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ खेटून बसवले होते. चष्मा लावूनही फरक कळत नव्हता.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्यांत मेल पास होता. पण त्या एवढंच सांगतात, की मेल ज्या डोमेनचं नाव लावतो तिथूनच निघालाय. डोमेनच भामट्याचं असेल, तर कागदपत्रं चोख असणारच. काळ्या यादीतही ते नव्हतं. तिथे नाव चढेपर्यंत कुणीतरी फसलेलं असतं. मग नोंदणी पाहिली. डोमेन आदल्याच दिवशी घेतलेलं! वर्षानुवर्षांच्या पुरवठादाराचं डोमेन एका दिवसाचं कसं असेल?

ही तारीख कुणालाही फुकट पाहता येते. पूर्वी त्यासाठी हूइज ही सेवा होती. डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी जानेवारी २०२५पासून त्याची जागा आरडॅपने घेतली. डोमेननावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअपमध्ये डोमेन टाका आणि ‘क्रिएटेड’पुढची तारीख वाचा. जर्मनीच्या डॉट डीईसारखी काही डोमेनं मात्र ती दाखवत नाहीत.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी प्रत्येक मेलमागे नोंदणीची तारीख विचारत बसू नये, थोड्याच वेळात उत्तरं बंद होतात. स्पॅमहाउसची झेडआरडी यादी नव्याने दिसलेली डोमेनं २४ तास धरून ठेवते, ती जोडावी. अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ म्हणणारं ग्रेलिस्टिंगही लावावं. त्या अवधीत काळ्या याद्या ताज्या होतात. ३० दिवसांच्या आतल्या डोमेनचा मेल मी नाकारत नाही, बाजूला ठेवून माणसाला दाखवतो. नवा धंदा काढणाऱ्या प्रामाणिक माणसाचंही डोमेन नवंच असतं, त्याचा मेल गिळणं हा अन्याय आहे. मजकुरातल्या लिंकचं डोमेनही तपासा: मेल हॅक झालेल्या जुन्या खात्यातून येतो आणि लिंक कालच्या डोमेनवर नेते, असंही घडतं. उलट, जुनी तारीख म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. डोमेन घेऊन महिनोन्‌महिने नुसतं ठेवून देणारेही आहेत.

रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलंय, ते याच नकली नावांना आळा बसावा म्हणून. ते डोमेन वाटेल त्याला विकत मिळत नाही. आपल्या पुरवठादारांना असं कुंपण नाही. म्हणून खातं बदलल्याचा मेल आला, की त्याला उत्तर देऊ नका, त्यातला नंबरही फिरवू नका. आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील, तर साहेबांना काय सांगायचं याचा विचार नंतर करा, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.