डोक्यावर दोन दिवे, पडद्याखाली एक रिमोट

गडचिरोलीहून चामोर्शीला येणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली, की एक धडा फुकटात शिकायला मिळतो. रस्त्याकडेची झाडं सपासप मागे पळतात, धानाच्या बांध्या त्यामानाने हळू सरकतात आणि लांबची जंगलाची रेघ जवळजवळ जागेवरच उभी असते. एक डोळा मिटून पाहिलं, तरी कोण जवळ आणि कोण लांब हे कळतं. फिजिक्सवाले याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला, वैनगंगेकाठच्या देवळात, हाच खेळ डोक्याने खेळता येतो. खांबाआड अर्धवट लपलेली मूर्ती डोकं वीतभर बाजूला नेलं की दिसायला लागते. आता त्याच देवळाचा फोटो मॉनिटरवर लावा आणि डोकं हलवून पाहा. मूर्ती काही खांबाआडून बाहेर येत नाही! फोटो एकाच जागेवरून काढलेला असतो. थ्री-डी गेमचंही तेच. गेममध्ये खोली असते, पण बघणाऱ्याचं डोकं कुठे आहे हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं.

ते त्याला कळलं आणि त्या जागेवरून त्याने दर क्षणी नवं चित्र काढलं, तर मॉनिटर म्हणजे खिडकीच होईल. कॉलिन वेअर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली अशा पडद्याला 'फिश टँक व्हर्च्युअल रिअॅलिटी' म्हटलं. काचेच्या पेटीतल्या माशांकडे डोकावतो ना, तसंच. प्रश्न एवढाच, की डोकं शोधायचं कसं?

वेबकॅमची अडचण

पहिलं उत्तर सगळ्यांच्याच तोंडी असतं: वेबकॅम लावा. २००७ च्या सुमारास साधा वेबकॅम म्हणजे ६४० × ४८० पिक्सेल, सेकंदाला ३० चित्रं. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले, तर एका चित्राचे ९,२१,६०० बाइट आणि सेकंदाचे पावणेतीन कोटींहून जास्त. या ढिगाऱ्यातून आपल्याला हवेत फक्त तीन आकडे: डोकं किती डावी-उजवीकडे, किती वर-खाली आणि किती लांब. बाकी भिंत, पंखा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मागून डोकावणारा रूम पार्टनर, हे सगळं प्रोसेसरने आधी वाचायचं आणि मग फेकून द्यायचं. त्यात खोलीत उजेड कमी असला, की चित्रात दाणे येतात आणि चेहरा हातचा सुटतो.

वेळेचाही प्रश्न आहे. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद. डोकं सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने हललं, तर तेवढ्यात ते एक सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. चित्र डोक्यामागे रेंगाळलं की खिडकीचा भास तिथेच मोडतो.

रिमोटच्या पोटात काय आहे?

नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेंडो कंपनीचा 'वी' हा गेम कन्सोल बाजारात आला. त्याचा कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा लांबट. त्यात अॅक्सेलरोमीटर आणि ब्लूटूथ होतं, आणि पुढच्या टोकाला काळ्या काचेआड एक छोटा इन्फ्रारेड कॅमेरा होता. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला लोक 'सेन्सर बार' म्हणायचे, पण तिच्यात सेन्सर नव्हताच! दोन टोकांना नुसते इन्फ्रारेड दिवे होते. त्यांना पाहणारा सेन्सर हातातल्या रिमोटमध्ये होता.

हा कॅमेरा चित्र पाठवतच नाही. काच साधा उजेड अडवते. आतली चिप सगळ्यांत तेजस्वी ठिपके शोधते आणि जास्तीत जास्त चार ठिपक्यांच्या जागा सांगते. मूळ सेन्सर फक्त १२८ × ९६ पिक्सेलचा आहे, पण ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या आठव्या भागापर्यंत काढून तो १०२४ × ७६८ च्या मापात आकडे देतो, तेही सेकंदाला सुमारे १०० वेळा. चार ठिपक्यांची माहिती १२ बाइटांत मावते. म्हणजे सेकंदाला १,२०० बाइट. वेबकॅमच्या तुलनेत सुमारे २३ हजार पटींनी कमी! शोधण्याचं काम हार्डवेअरमध्येच उरकलेलं असतं, प्रोसेसर चित्र काढायला मोकळा राहतो.

उलटी गंगा

जॉनी चुंग ली हा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करत होता. डिसेंबर २००७ मध्ये त्याने एक व्हिडिओ टाकला आणि तो जगभर लाखो लोकांनी पाहिला. त्याची युक्ती एका वाक्यात सांगता येते: रिमोट पडद्याजवळ ठेवला आणि दिवे डोक्यावर चढवले. सेफ्टी गॉगलच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड एल.ई.डी. लावले. रिमोट जागचा हलत नाही, डोकं हलतं. प्रोग्राम सी-शार्पमध्ये लिहून त्याने सगळ्यांना फुकट दिला.

आता थोडं गणित

दोन दिव्यांमधलं अंतर आपल्याला ठाऊक आहे, समजा १५ सेंटिमीटर. डोकं लांब गेलं की कॅमेऱ्यात ठिपके जवळ येतात, डोकं जवळ आलं की ते लांब जातात. म्हणून:

डोक्याचं अंतर = (दिव्यांमधलं अंतर ÷ २) ÷ टॅन (कोन ÷ २)

कोन = ठिपक्यांमधले पिक्सेल × एका पिक्सेलचा कोन

लीने प्रोग्राममध्ये कॅमेऱ्याचा आडवा पल्ला ४५ अंश धरला होता, म्हणजे एका पिक्सेलला ०.०४४ अंश. इतरांनी मोजलं तेव्हा हा पल्ला ३३ अंशांच्या आसपास आला. आपण कोणाचं ऐकायचं? कोणाचंच नाही, टेप घेऊन मोजायचं! दिवे बरोबर एक मीटरवर धरा. १५ सेंटिमीटरचा कोन ८.५८ अंश येतो. ठिपक्यांत १९५ पिक्सेल अंतर आलं तर पल्ला ४५ अंश, २६६ आलं तर ३३. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ऑब्झर्व्हेशन टेबल भरतो ते याचसाठी असतं.

चूक किती होते तेही पाहू. ४५ अंश धरले, तर एक मीटरवर एका पिक्सेलची चूक म्हणजे आडव्या दिशेत पाऊण मिलिमीटर, पण अंतरात मात्र अर्धा सेंटिमीटर. म्हणून अंतराचा आकडा थरथरतो. शेवटच्या पाच-दहा वाचनांची सरासरी घ्या. जास्त घेतली तर चित्र पुन्हा रेंगाळायला लागेल, हे लक्षात असू द्या.

दोन ठिपक्यांचा मध्य कॅमेऱ्याच्या मध्यापासून किती सरकला, त्यावरून डावी-उजवी आणि वर-खाली जागा मिळते. रिमोट आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो, त्यामुळे डावं-उजवं उलटं येतं, ते चिन्ह बदलून घ्यायचं. रिमोट पडद्याच्या खाली असेल, तर त्याचं पडद्याच्या मध्यापासूनचं अंतरही मिळवायला हवं.

पडद्यावर खिडकी

इथे बहुतेकांची गाडी अडते. गेममधला व्हर्च्युअल कॅमेरा नुसता डावीकडे-उजवीकडे सरकवून खिडकी होत नाही, कारण पडदा जागेवरच असतो. डोकं उजवीकडे गेलं की खिडकीतून डावीकडचं जास्त दिसतं, म्हणजे दृष्टीचा पिरॅमिड तिरका होतो. डोकं पडद्याच्या मध्यापासून क्ष अंतरावर आणि पडद्यापासून झ अंतरावर असेल, तर जवळच्या प्रतलाच्या कडा अशा:

डावी कड = जवळचं प्रतल × (−रुंदी/२ − क्ष) ÷ झ

उजवी कड = जवळचं प्रतल × (रुंदी/२ − क्ष) ÷ झ

पडदा ३४ सेंटिमीटर रुंद, डोकं ६० सेंटिमीटर लांब आणि बरोबर मध्यात असेल, तर प्रतल १ धरून कडा −०.२८ आणि +०.२८ येतात. डोकं १० सेंटिमीटर उजवीकडे नेलं, की त्या −०.४५ आणि +०.१२ होतात. खालच्या-वरच्या कडांनाही हाच नियम. हे चार आकडे ओपन-जी.एल.च्या फ्रस्टमला द्यायचे आणि सगळं दृश्य डोक्याच्या उलट दिशेने तेवढंच सरकवायचं. झालं!

करून पाहताना

टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसे ९४० नॅनोमीटरचे दोन एल.ई.डी. घ्या. प्रत्येकावर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. दोन सिरीजमध्ये आणि दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्टमधले ०.६ उरतात. ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला की करंट १८ मिलिअँपिअर. एल.ई.डी.चा उजेड डोळ्याला दिसत नाही, म्हणून पेटलेत का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. दिवे टोपीच्या दोन बाजूंना, तोंड पुढे करून बसवा.

खिडकीतून येणारं ऊन आणि जुना पिवळा बल्ब यांतही इन्फ्रारेड असतो, त्यामुळे खोटे ठिपके उमटतात. एप्रिलच्या दुपारी पडदे लावूनच काम करावं लागेल. उलट लाईट गेल्यावर लावलेल्या दोन मेणबत्त्याही या कॅमेऱ्याला छान दिसतात. सर्किट तयार नसेल तर पहिली टेस्ट त्यावर करता येते. मेणबत्त्या टेबलावरच ठेवा, डोक्यावर नको!

कुठे फसतं?

दोन दिव्यांना मान वळवलेली कळत नाही. एक मीटरवर बसून मान ३० अंश वळवली, तर ठिपके जवळ येतात आणि रिमोटला वाटतं, डोकं ११५ सेंटिमीटरवर गेलं. हे टाळायला एका रेषेत नसलेले तीन दिवे लागतात.

दुसरं, ही खिडकी एकाच माणसासाठी आहे. शेजारी उभ्या असलेल्या सरांना चित्र वाकडंच दिसणार. तिसरं, व्हिडिओत जो भास होतो तो प्रत्यक्षात थोडा कमी वाटतो. व्हिडिओचा कॅमेरा एकडोळ्या असतो, आणि आपले दोन डोळे मात्र 'पडदा सपाट आहे' अशी साक्ष देत राहतात. एक डोळा मिटून पाहा, फरक कळेल.

काही जण नंतरचे जायरो असलेले कंट्रोलर थेट डोक्यावर बांधतात. त्यात कॅमेरा लागत नाही, पण फक्त वळण कळतं, जागा नाही. शिवाय जायरोची चूक साठत जाते. समजा सेकंदाला ०.१ अंश चूक असेल, तर मिनिटात ६ अंश. विमान उडवण्याच्या गेमला ते चालतं, खिडकीला नाही.

मग आज याचा काय उपयोग?

२०१३ मध्ये निन्टेंडोने जपानमध्ये 'वी'चं उत्पादन थांबवलं. ली स्वतः पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि डोक्यावर काहीच न लावता माणूस ओळखणाऱ्या, २०१० साली आलेल्या 'किनेक्ट'वर त्याने काम केलं. आज साध्या लॅपटॉपवर न्यूरल नेटवर्क वेबकॅममधून चेहरा शोधून काढतं. ज्याला हात वापरता येत नाहीत आणि डोक्याने माउस चालवायचा आहे, त्याला रोज दिव्यांची टोपी घाल असं सांगणं बरोबर नाही. तिथे वेबकॅमच हवा.

पण फायनल इयरला प्रोजेक्ट निवडताना आपण आधी महागडं किट शोधतो, नाहीतर सीनियरची सीडी. लीची युक्ती पाहिली, की आधी स्वतःला विचारावंसं वाटतं, 'मला नेमके किती आकडे हवेत?' उत्तर 'तीन' येतं, आणि तीन आकड्यांना अख्खं चित्र लागत नाही हे लक्षात येतं. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, लोड-शेडिंगमध्येही तो विचारता येतो. पुढच्या व्हायवाला एक्स्टर्नल विचारतील, "हाच सेन्सर का?" तेव्हा 'सरांनी सांगितला म्हणून' हे उत्तर तुमच्याकडे नसावं.

आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला मार्कंड्याला गेलात, तर त्या खांबासमोर उभं राहून डोकं वीतभर हलवून पाहा. आपल्याला हुबेहूब उतरवायचंय ते हेच.