शून्य घालण्याआधी

कसबा बावडा
रविवार

चि. सोनीस,


केसपेपरचा फोटो पाहिला. पेशंटचं नाव झाकून पाठवलंस, ते बरं केलंस.

त्यातलं निम्मं दोन दिवसांत पाठ होईल. सी/ओ म्हणजे पेशंटची तक्रार, त्याच्याच तोंडची. के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, बहुतेकदा बीपी नाहीतर शुगर. ओ/ई म्हणजे तपासणी, तिच्या पुढचं मात्र सगळं तपासणाऱ्याचं. पी/ए सॉफ्ट म्हणजे पोट हाताला मऊ लागलं, एईबीई म्हणजे छातीत दोन्हीकडं हवा सारखी शिरतेय.

तुम्ही पोरं ज्याला 'पिकल' म्हणता, त्या लोणच्यापाशी जरा थांब. पॅलर, इक्टेरस, सायनोसिस, क्लबिंग, लिम्फ नोड, इडिमा. सहा अक्षरं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर शून्य, म्हणजे 'नाही'. लिहायला पाच सेकंद लागत नाहीत, तिथंच घोळ आहे. खालची पापणी ओढून आतला रंग बघितल्याशिवाय पहिलं शून्य घालू नकोस. कावीळ दिवसाच्या उजेडात बघ, पिवळ्या बल्बखाली डोळे फसतात. सूज बघताना नडगीवर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धर, मग उचल आणि खळगा राहतोय का बघ.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं माझं, कुठल्या दवाखान्यात ते सोड. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. ऊसतोडीची एक बाई आली, नुसती चक्कर येते म्हणाली. गर्दी होती, मी पॅलरला शून्य घालून मोकळी. मागं आमच्या मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी बाईची पापणी खाली ओढली. आत कागदासारखं पांढरं. उसाच्या पाल्यानं कापलेला तळहात उघडला, तर रेघासुद्धा पांढऱ्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त पेन परत माझ्या हातात दिलं.

परवा लाईन बाजारला सेवा रुग्णालयात एका आजोबांनी कागद पुढं केला, "ताई, हे एनएडी म्हंजे लई मोठा आजार हाय काय?" म्हटलं, आजोबा, तपासून बघितलं आणि काही सापडलं नाही, असं लिहिलंय. किती खूश झाले! पण 'बघितलं' हे त्यात आधी येतं. वॉर्डात एनएडीचा चेष्टेनं 'नॉट ॲक्च्युअली डन' असा अर्थ लावतात, तो उगीच नाही. बघितलं नसशील तर जागा कोरी ठेव.

आणि हो, कुठल्या विभागात बसलीयस ते विसरू नकोस. ओडी म्हणजे मेडिसिनला दिवसातून एकदा, नेत्रविभागात उजवा डोळा. पीआर म्हणजे नाडीची गती आणि गुदद्वारातून केलेली तपासणीसुद्धा. उद्या सरांपुढं यात गफलत केलीस तर वर्षभर चेष्टा होईल. शंका आली की सरळ पूर्ण शब्द लिहीत जा.

गणपतीला येशील तेव्हा माझ्याच नडगीवर अंगठा दाबून बघ. हल्ली संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो.

तुझी,
आत्या