खात्यातली शिल्लक : दिसते किती, आपली किती?

व्यापारी बंधूंनो, मालेगावात जुम्याच्या सुट्टीआधी लूमवरच्या कारागिरांची मजुरी चुकती करायची असते. त्याच वेळी सूतवाल्याचा तगादाही असतो. अशा वेळी खात्यात दिसणारी रक्कम आपल्या हातची आहे की नाही, हे कळणे फार गरजेचे आहे. त्यासाठी आपण तीन गोष्टी समजून घेऊ.

१. न वटलेला चेक : समजा, खात्यात ६२,००० रुपये दिसतात, पण त्यांतले ४०,००० रुपये कापडाच्या दलालाने दिलेल्या, अजून न वटलेल्या चेकचे आहेत. मग वापरता येण्याजोगी शिल्लक २२,००० रुपयेच! या भरवशावर सूतवाल्याला ५०,००० रुपयांचा चेक दिला आणि दलालाचा चेक परत आला, तर आपलाही चेक परत जातो. बँकेचा आकार दोन्हीकडे पडतो आणि बाजारातली पत जाते ती वेगळीच. चेक परत गेल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत सूतवाला नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कलम १३८ खाली खटला होऊ शकतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे क्लिअरिंग दिवसभर सतत चालते, त्यामुळे वाट पाहण्याचा काळ कमी झाला आहे. तरीही चेक वटल्याची खात्री करूनच पुढचा चेक लिहावा.

२. अडकलेला व्यवहार : मोबाइलवरून पैसे पाठवले, खात्यातून वजा झाले, पण समोरच्याला पोहोचले नाहीत. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. आधी व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा आणि व्यवहार 'प्रलंबित' आहे की 'अयशस्वी', हे पाहावे. प्रलंबित व्यवहार उशिराने पूर्णही होऊ शकतो.

३. उलट नोंद : अयशस्वी व्यवहाराचे पैसे बँकेने स्वतःहून परत जमा करायचे असतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावेत. दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे आणि एटीएममधून न निघालेली रोकड यांसाठी व्यवहारानंतर पाच दिवसांची मुदत आहे. हे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायचे, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. मुदत उलटली तर दररोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता मिळायला हवी. मात्र आपणच चुकीचा खाते क्रमांक टाकला असेल, तर ही सवलत लागू नाही.

बँकेकडे तक्रार लेखी करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

कधी उलट नोंदही होते आणि गिऱ्हाईकही दुसऱ्यांदा पैसे देऊन जाते. हिशेब जुळवताना असे जादा पैसे आढळले, तर ती दुसऱ्याची अमानत आहे. ती परत केलीच पाहिजे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. आमची विनंती एवढीच, की रोज दुकान किंवा कारखाना बंद करताना वहीत दोन रकाने भरावेत : 'जमा झाले' आणि 'येणे बाकी'. मजुरी आणि देणी पहिल्या रकान्यातूनच द्यावीत.